अँटीव्हायरसची तुलनात्मक चाचणी : निकाल कसे वाचावेत

अँटीव्हायरस चांगला आहे की नाही, हे नुसतं वापरून कळत नाही. प्रिंटर बिघडला तर कागद बाहेर येत नाही, लगेच समजतं. अँटीव्हायरस महिनोन्‌महिने गप्प असतो, आणि त्या गप्प राहण्याचे अर्थ दोन निघतात: काही आलंच नाही, किंवा आलं पण त्याला दिसलं नाही. पडद्यावरची हिरवी खूण दोन्ही वेळा तशीच असते. म्हणून ‘इतकी वर्षं हाच वापरतोय, कधी त्रास झाला नाही’ एवढ्यावर पुढच्या वर्षाचं लायसन्स घेऊ नका, असं आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

घरच्या घरी तपासायला आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल मिळते. तिला बघून अँटीव्हायरस ओरडला, तर तो चालू आहे एवढं कळतं. कालच तयार झालेला व्हायरस तो पकडेल का, हे तिच्यावरून कळत नाही. खरे व्हायरस उतरवून प्रयोग तर कृपा करून करूच नका. ते काम प्रयोगशाळांचं.

अशा प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि लंडनची एसई लॅब्स ही त्यांतली ठळक नावं. एकसारखे संगणक, सगळ्यांवर तीच विंडोज, प्रत्येकावर वेगळा अँटीव्हायरस, आणि मग तीच घातक लिंक सगळीकडे एकाच वेळी उघडायची. यात ‘एकाच वेळी’ला फार महत्त्व आहे. एकाला सकाळी तपासलं आणि दुसऱ्याला संध्याकाळी, तर मधल्या तासांत दुसऱ्याला त्या व्हायरसची ओळख अपडेटमधून मिळालेली असू शकते. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले अभिप्राय शेजारी ठेवून तुलना होत नाही, ती याच कारणाने.

निकाल हातात आला की बहुतेकांची नजर ‘किती टक्के पकडले’ या आकड्यावर जाते. आमचा आग्रह आहे की त्याआधी खोट्या इशाऱ्यांचा रकाना बघा. समोर येईल त्या प्रत्येक फाइलला धोकादायक म्हणणारा प्रोग्राम १०० टक्के व्हायरस पकडेल, पण तुमची बिलं, फोटो आणि हिशेबाचं सॉफ्टवेअरही अडवून ठेवेल. हे कल्पनेतलं नाही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटीव्हायरस कंपनीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातले असंख्य संगणक पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसले. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी जास्तीत जास्त ६ गुण देते, आणि खोटे इशारे वापरसुलभतेत मोजले जातात. संगणक जुना असेल तर वेगाचे गुणही नीट पाहा. संगणक रखडायला लागला की माणूस वैतागून संरक्षणच बंद करून टाकतो.

आता टक्केवारी. समजा चाचणीत व्हायरसचे ४०० नमुने होते. एकाला ९९.५ टक्के आणि दुसऱ्याला ९९ टक्के मिळाले, तर फरक फक्त २ नमुन्यांचा झाला, आणि तो पुढच्या चाचणीत उलटूही शकतो. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज स्टँडर्ड, ॲडव्हान्स्ड, ॲडव्हान्स्ड प्लस अशा श्रेणी देते. पहिला कोण, दुसरा कोण यापेक्षा त्या श्रेणी जास्त कामाच्या. ९९ आणि ९३ मधला फरक मात्र खरा आहे: शंभरात १ निसटणं आणि ७ निसटणं.

निकालाची तारीख बघायला विसरू नका. २०१२ च्या शेवटी मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी एसेन्शियल्स या अँटीव्हायरसला एव्ही-टेस्टचं प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. त्याच कंपनीच्या, विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरला २०१९ मध्ये १८ पैकी १८ गुण मिळाले. २०१२ चा निकाल धरून बसलेल्याने डिफेंडरला उगाच नाकारलं असतं.

‘कंपन्याच प्रयोगशाळांना पैसे देतात ना?’ असं ग्राहक विचारतात, आणि ते योग्यच विचारतात. अनेक चाचण्यांसाठी कंपन्या शुल्क भरतात, हे खरं आहे. म्हणून चाचणीची पद्धत जाहीर आहे का, हे पाहायचं. त्यासाठीचे दंडक आखायला २००८ मध्ये ॲम्ट्सो ही संघटना स्थापन झाली. शुल्क घेऊनही कारवाई होते, याचं उदाहरणही आहे. २०१५ मध्ये चिनी कंपनी चिहू ३६० ने चाचणीसाठी दिलेल्या आवृत्तीत बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचं व्हायरस ओळखणारं इंजिन चालू होतं, पण तिच्या बहुतेक ग्राहकांच्या संगणकांवर ते मुळात बंद असायचं. एव्ही-टेस्ट, एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि व्हायरस बुलेटिन ही आणखी एक चाचणी संस्था, या तिघांनी मिळून त्या वर्षातली तिची प्रमाणपत्रं रद्द केली.

तुमच्याकडे आहे तीच आवृत्ती तपासली गेली होती का, हे म्हणून आम्ही आधी जुळवतो. नाव एकच असलं तरी मोफत आणि विकत आवृत्तीत फरक असतो. घरगुती उत्पादनांच्या चाचण्या साधारणपणे मूळ सेटिंगवर होतात, त्यामुळे त्यातलं काही तुम्ही बंद केलं असेल तर तो निकाल तुम्हाला लागू होत नाही.

लायसन्स संपत आल्याचा संदेश दिसला की लगेच ‘रिन्यू’ दाबू नका. आधी आम्हाला विचारा. निदान दोन प्रयोगशाळांचे ताजे निकाल तुमच्यासमोर ठेवू, आणि विंडोजसोबत आलेलं संरक्षण तुम्हाला पुरेसं असेल, तर तेही स्पष्ट सांगू.