दुसरी कपबशी

सांगलीतल्या विश्रामबागेत एका स्नेह्यांच्या घरी आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमून जुना सिनेमा पाहतो. गेल्या खेपेला चार्ली चॅप्लिनचा ‘मस्यू व्हेर्दू’ लावला होता. त्यात एक प्रसंग आहे. रात्री व्हेर्दू बायकोच्या पाठोपाठ खोलीत जातो. कॅमेरा बाहेरच्या बोळातच थांबतो. खिडकीतली रात्र सरते, उजाडतं आणि तो एकटाच बाहेर येतो. खाली येऊन बँकेतल्या कारकुनाच्या सफाईनं नोटा मोजतो. मग न्याहारीचं टेबल मांडायला घेतो, सवयीनं दोघांचं मांडतो, आणि लक्षात आल्यावर एकाचं सामान उचलून ठेवतो.

खोलीत हशा पिकला. माझी मावशी मात्र हसली नाही. सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा तिनं मला विचारलं, “अगं, ती दुसरी कपबशी जिची होती, ती कोण होती?”

गावभागात राहणाऱ्या या मावशीनं चाळीसेक वर्षं लोकांची लग्नं जमवली, कुणाकडून एक पैसा न घेता. तिच्या जाड पुठ्ठ्याच्या वह्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. डाव्या पानावर स्थळ, उजव्या पानावर तिच्या हातचे शेरे. ‘घर पाहिले.’ ‘थोरल्या भावाशी बोलणे झाले.’ बिजवराचं स्थळ असलं की त्यापुढे न चुकता एक ओळ असायची : ‘पहिली कशाने गेली, विचारणे.’ असा प्रश्न विचारत आयुष्य घालवलेल्या बाईला सिनेमातली कथा सांगून भागणार नव्हतं. म्हणून ही पार्श्वभूमी.

व्हेर्दूच्या मागे एक खरा माणूस आहे. आंरी देझिरे लांद्रू, जन्म पॅरिसमधला, १२ एप्रिल १८६९. बायको, चार मुलं, जुन्या सामानाची खरेदी-विक्री. १९०४ पासून फसवणुकीबद्दल त्याला पुन्हा पुन्हा शिक्षा होत गेली. १९१४ मध्ये तो हजर नसतानाच कोर्टानं आणखी एक मोठी शिक्षा सुनावली, तेव्हापासून तो नावं बदलून राहू लागला. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुरुष आघाडीवर गेले. ते संपेपर्यंत फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक मेले आणि सुमारे सहा लाख बायका विधवा झाल्या. शहरात मागे उरलेल्या एकट्या बाईला बरं बोलणारा, दाढी नीट राखलेला, मिळवता दिसणारा माणूस भेटणं ही त्या दिवसांत मोठी गोष्ट होती. लांद्रूनं हे बरोबर हेरलं. त्यानं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. विधुर आहे, वय त्रेचाळीस, दोन मुलं, उत्पन्न बरं, स्वभाव प्रेमळ आणि गंभीर, एखाद्या विधवेशी विवाहाची इच्छा, असा त्यांतल्या एका जाहिरातीचा आशय. रविवारच्या आपल्या वधू-वरांच्या पानावर ती आज छापली तरी कुणाला खटकणार नाही.

पोलिसांनी पुढे मोजलं तेव्हा त्याचा ज्यांच्याशी संबंध आला अशा बायकांची संख्या २८३ भरली. त्यांतल्या दहा जणी आणि एकीचा तरुण मुलगा, असे अकरा जण १९१५ ते १९१९ या काळात नाहीसे झाले. आधी व्हर्नुये आणि मग गांबे, अशा पॅरिसबाहेरच्या दोन गावांत त्यानं घरं भाड्यानं घेतली होती. बाईचा विश्वास बसला की तिची शिल्लक ताब्यात घ्यायची, घरसामान हलवायचं आणि तिला त्या घरी न्यायचं. परतताना तो एकटा असे. मृतदेह एकही सापडला नाही. गांबेच्या घरात चूल सापडली, आणि राखेत जळक्या हाडांचे तुकडे आणि दात.

लांद्रूचीही एक वही होती. कवडीकवडीचा हिशेब ठेवायची त्याची सवयच होती. गांबेच्या प्रवासाचा खर्च त्यानं त्यात लिहून ठेवला होता : स्वतःसाठी येण्या-जाण्याचं तिकीट, बरोबरच्या बाईसाठी फक्त जाण्याचं. खटल्यात सरकारी पक्षाचा मोठा आधार ही वहीच ठरली. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. दोन्ही वह्यांत बायकांची नावंच तर आहेत.

तो सापडला कसा, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. नाहीशा झालेल्या आना कोलोंब आणि सेलेस्तीन ब्युइसाँ या दोघींच्या घरच्यांनी, एकमेकांना न ओळखता, गांबेच्या महापौराला पत्रं लिहिली. आमची बाई तुमच्या गावी या घरात गेली होती, तिचा पत्ता नाही. दोन्ही पत्रांत गृहस्थाचं नाव वेगळं, पण घर एकच. त्या महापौरानं दोन्ही कुटुंबांची गाठ घालून दिली, एवढ्यानं चक्र फिरलं. सेलेस्तीनची बहीण घरकाम करून पोट भरणारी होती, पण तिनं पाठ सोडली नाही. एप्रिल १९१९ मध्ये पॅरिसच्या रिव्होली रस्त्यावर चिनी मातीच्या भांड्यांच्या एका दुकानात तिला तो दिसला. सोबत एक तरुणी होती. दुकानात दिलेल्या पत्त्यावरून पोलीस त्याच्या घरी पोचले. १२ एप्रिलला त्याला अटक झाली, त्या दिवशी तो पन्नास वर्षांचा झाला होता. एका मोलकरीण बहिणीनं तो माणूस शोधला, आणि शोधला तो कपबश्यांच्या दुकानात. सिनेमातला टेबलाचा प्रसंग मी आता या माहितीशिवाय पाहूच शकत नाही.

नोव्हेंबर १९२१ मध्ये व्हर्सायला खटला चालला. पॅरिसहून माणसांच्या झुंडी तो ऐकायला येत. गांबेची चूल न्यायालयात आणून ठेवली होती. लांद्रूनं शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही. बायकांशी माझे काय व्यवहार होते हा माझा खाजगी मामला आहे, असंच तो म्हणत राहिला. २५ फेब्रुवारी १९२२ रोजी पहाटे त्याला गिलोटिनवर चढवलं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘गांबेचा निळ्या दाढीवाला’ असं नाव दिलं होतं. शार्ल पेरोनं १६९७ मध्ये छापलेल्या परीकथेतला, बायकांना मारून कुलूपबंद खोलीत ठेवणारा तो श्रीमंत गृहस्थ फ्रान्समधल्या प्रत्येक पोराला माहीत होता. आणि हे फक्त फ्रान्सचंही नव्हतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज जोसेफ स्मिथनं विम्याच्या आणि वारशाच्या पैशासाठी तीन बायकांना न्हाणीघरातल्या टबात बुडवून मारलं. १३ ऑगस्ट १९१५ रोजी त्याला फाशी झाली. तिथेही एका मृत बायकोच्या वडिलांच्या नजरेला वर्तमानपत्रातली दुसऱ्या मृत्यूची बातमी पडली आणि त्यांना आपली लेक आठवली, म्हणून तो पकडला गेला.

सिनेमाची कल्पना मुळात ऑर्सन वेल्स या अमेरिकी दिग्दर्शकाची. लांद्रूवर चित्रपट करावा आणि त्यात चॅप्लिननं काम करावं असं त्यानं सुचवलं. चॅप्लिननं पाच हजार डॉलर देऊन ती कल्पना विकत घेतली आणि पटकथा स्वतः लिहिली. श्रेयनामावलीत वेल्सचं नाव आहे. यावरून दोघांनी पुढे वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या, त्यात शिरायची गरज नाही. गरज आहे ती चॅप्लिननं काय बदललं ते पाहण्याची.

त्यानं काळ बदलला. लांद्रू युद्धाच्या सावलीत वावरला, व्हेर्दू महामंदीत. व्हेर्दू बँकेतला इमानी कारकून. तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याला काढून टाकलं जातं. घरी अपंग पत्नी आणि लहान मुलगा आहे, त्यांच्यासाठी तो हा ‘धंदा’ पत्करतो. थडग्यावर १८८० ते १९३७ अशी वर्षं कोरलेली दिसतात आणि थडग्याखालून व्हेर्दूच आपली हकिकत सांगू लागतो. बेकारी हा चॅप्लिनच्या जिव्हाळ्याचा विषय होता. २२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनमध्ये तो गांधीजींना भेटला, तेव्हाही बोलणं यंत्रांविषयी आणि माणसाच्या हातच्या कामाविषयीच झालं. लंडनच्या गरीब वस्तीत उपाशी वाढलेल्या या माणसाला नोकरी जाणं म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यामुळे व्हेर्दूच्या हातचं ते नोटा मोजणं इतकं खरं वाटतं. तो पायाखाली येणारी अळी उचलून बाजूला ठेवतो, गुलाबांची निगा राखतो, आणि मागे बागेतल्या भट्टीचा धूर निघत असतो. त्याचा सभ्यपणा खोटा नाही, म्हणूनच तो भयंकर आहे.

शेवटी न्यायालयात तो म्हणतो की सामुदायिक हत्येसाठी जग शस्त्रं घडवत असताना माझी गणना नवशिक्यांतच होईल. एक खून केला तर खलनायक, लाखो केले तर वीर, हे त्याचं वाक्य चॅप्लिनच्याही आधीचं आहे. बेल्बी पोर्टियस या इंग्लिश धर्मोपदेशकानं १७५९ मधल्या एका कवितेत ते जवळपास तसंच लिहिलं आहे. पण हिरोशिमाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा ते अमेरिकी पडद्यावर ऐकवायला छाती लागत होती. सेन्सॉरचं काम पाहणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयानं पटकथेवर आक्षेप घेतला, तोही मुख्यतः खुनांवर नव्हे, तर व्हेर्दू समाजव्यवस्थेला दोषी धरतो त्या भागांवर.

११ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. प्रेक्षकांतून नापसंतीचे आवाज उठले. काही दिवसांनी झालेल्या पत्रकार परिषदेत चित्रपटाविषयी क्वचितच कुणी विचारलं. तुम्ही कम्युनिस्ट आहात का, अमेरिकेचं नागरिकत्व का घेत नाही, हेच प्रश्न. जेम्स एजी हा समीक्षक तेवढा त्याच्या बाजूनं उभा राहिला. माजी सैनिकांच्या संघटनांनी निदर्शनं केली, मेंफिस शहरात बंदी आली. त्याआधीच चॅप्लिनवर पितृत्वाचा खटला होऊन गेला होता. रक्तचाचणीनुसार तो बाप ठरत नसतानाही पोटगी द्यावी लागली होती. चार लग्नं, तरुण बायका आणि आता पडद्यावर बायका मारणारा गृहस्थ! लोकांनी नट आणि पात्र एकच धरलं. चॅप्लिननं चित्रपट अमेरिकेतून काढून घेतला. पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, पण १९५२ मध्ये तो लंडनला निघाला असताना त्याचा अमेरिकेत परतण्याचा परवाना रद्द झाला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हाच चित्रपट पुन्हा लागला तेव्हा तिथल्याच लोकांनी तो डोक्यावर घेतला.

चॅप्लिनवर झालेला हा अन्याय मला मनापासून खुपतो. तरी मावशीचा प्रश्न त्यानं सुटत नाही. शस्त्रांच्या कारखानदारांविषयी व्हेर्दू जे बोलतो ते खरं आहे, पण त्या भाषणात त्यानं मारलेल्या बायका कुठेच नाहीत. पडद्यावर त्या खाष्ट आहेत, भोळसट आहेत किंवा मार्था रे हिनं झकास रंगवलेल्या अ‍ॅनाबेलासारख्या गडगडाटी हसणाऱ्या. आणि ज्या घरच्यांच्या चिकाटीमुळे लांद्रू सापडला, त्यांच्या जागी एक सतत भांडणारं कुटुंब आहे. तेही हसण्यासाठीच.

आमच्याकडे या विषयाची दुसरी एक तऱ्हा रुळलेली आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभं केलं, आणि इथून पायी जाता येईल अशा हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ रंगभूमीवर आणलं. लग्नाच्या नावाखाली मुलीचा सौदा होतो, आणि ज्या मुलीचा सौदा होतो ती स्वतः रंगमंचावर उभी राहून आपलं दुःख सांगते. मग १९६२ मधलं अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हा लांद्रूचा सख्खा भाऊ शोभेल. नावं बदलणारा, गोड बोलणारा, लग्नं करून लुबाडणारा, कोर्टात शेवटपर्यंत नाकबूल जाणारा. तेही खऱ्या खटल्यावरच बेतलेलं. पणशीकरांच्या वेषांतरांना, फिरत्या रंगमंचाला टाळ्या पडत, हशाही पिके. पण लखोबा खुनी नव्हता, आणि म्हणून त्याच्या बायका पिंजऱ्यासमोर येऊन साक्ष देऊ शकल्या. मावशीनं ते नाटक भावे नाट्यमंदिरात पाहिलेलं आहे. तिला लखोबाचे संवाद आठवत नाहीत, साक्षीला आलेल्या बायका आठवतात.

लांद्रूच्या खटल्यात साक्षीला फक्त मागे राहिलेले आले. म्हणून पुढच्या खेपेला मावशीला द्यायला मी नावं एका कागदावर उतरवून घेतली आहेत. जान क्युशे आणि तिचा मुलगा आंद्रे. तेरेझ लाबोर्द-लीन, जन्मानं अर्जेंटिनाची, पण लांद्रूच्या वहीत तिच्या नावाऐवजी ‘ब्राझील’ एवढंच लिहिलेलं. मारी-आंजेलिक गियाँ. बेर्त एओं. आना कोलोंब. आंद्रे बाबले, एकोणीस वर्षांची, मुलं सांभाळायचं काम करणारी. सेलेस्तीन ब्युइसाँ, जिच्या बहिणीनं त्याला ओळखलं. लुईझ जोम. आन-मारी पास्काल. आणि मारी-तेरेझ मार्शादिये, जी आपले कुत्रे बरोबर घेऊन गांबेला गेली. ती स्वतः कुठेच मिळाली नाही, तिचे कुत्रे बागेत पुरलेले सापडले.