रंग बदलत नाही, पंखा उघडतो

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर निळा गळा फुगवलेला सरडा दिसला की हमखास ऐकू येतं: ‘तो रंग बदलतोय, विष भरतंय, मारा!’ दोन्ही चूक आहे. भारतातल्या कुठल्याच सरड्याच्या चाव्याने माणसाला विषबाधा होत नाही.

रंग तर आधीपासून असतोच. नराच्या गळ्याखाली कातडीची घडी असते. जिभेखालचं बारीक हाड पुढे ढकललं की ती पंख्यासारखी उलगडते आणि निळा, काळा, नारिंगी असे पट्टे चमकतात. क्षणात घडी मिटते आणि उरतो मातकट सरडा. म्हणूनच रंग ‘बदलल्यासारखा’ वाटतो. हे सगळं पावसाआधीच्या विणीच्या हंगामात, दगडावर चढून, मादीसाठी आणि शेजारच्या नराला दटावण्यासाठी चालतं. मादीला असा रंगीत पंखा नसतो.

या सरड्याच्या गटाला २०१६ साली शास्त्रीय नाव मिळालं तेही आपल्याच भाषेतलं: ‘सराडा’. चाळकेवाडीची जात ‘सराडा सुपर्बा’. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी घटले तिथे हे सरडे संख्येने वाढले, पण नरांचे रंग फिके आढळले, हे २०१८ च्या अभ्यासातून दिसलं.

या सरड्यांना खरा धोका वेगळाच आहे. गवताळ पठाराला ‘पडीक’ समजून तिथे खड्डे खणून दाट झाडं लावली, की ऊन आणि उघडे दगड दोन्ही जातात. पठारावर गेलात तर गाडी रस्त्यावरच ठेवा आणि दगड उलथू नका. सरडा चार-पाच मीटरवरूनच पाहा.