चीजकेक

चीजकेक : ताजे, न मुरवलेले चीज, अंडी आणि साखर यांच्या मिश्रणाचा गोड पदार्थ. तो बहुधा भट्टीत भाजतात. तळाशी बिस्किटांच्या चुऱ्याचा किंवा लोणी घालून मळलेल्या पिठाचा थर असतो. मात्र तो अनिवार्य नाही.

याचे मूळ सामान्यतः प्राचीन ग्रीसमध्ये मानले जाते. तथापि इ. स. पू. ७७६ च्या ऑलिंपिक सामन्यांत खेळाडूंना चीजकेक दिला जाई, या प्रचलित कथेला समकालीन लेखी आधार नाही. सविस्तर कृती मिळते ती रोमन लेखक थोरला केटो याच्या इ. स. पू. सु. १६० मधील शेतीविषयक ग्रंथात. त्यातील ‘लिबम’ हा पिठाचे प्रमाण बरेच असलेला, पावासारखा पदार्थ होय. ‘साविलम’मध्ये मात्र अर्धा रोमन पौंड पिठाला अडीच पौंड चीज, पाव पौंड मध आणि एक अंडे असे प्रमाण असून, तेल लावलेल्या मातीच्या भांड्यात ते झाकून भाजावे, मधला भाग सर्वांत जाड असल्याने तो नीट शिजल्याची खात्री करावी, वर मध व खसखस घालावी आणि चमच्यासह वाढावे, असे केटो सांगतो. आजच्या चीजकेकचा पूर्वज म्हणून साविलमचाच दावा अधिक सयुक्तिक वाटतो.

चीजकेक हा केक की ‘पाय’ (इं. pie; पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ), हा वाद नावापेक्षा रचनेवरून सोडवणे इष्ट. केकचा सांगाडा मुख्यतः पीठ आणि त्यात कोंडलेली हवा यांनी उभा राहतो. चीजकेक मात्र अंड्यांतील प्रथिने उष्णतेने साकळल्यामुळे घट्ट होतो. म्हणूनच मध्यभाग किंचित हलता असतानाच आच बंद करतात, अन्यथा प्रथिने आकसून पृष्ठभागाला तडे जातात. तळाच्या थरामुळे काही जण त्याला ‘पाय’ म्हणतात. परंतु स्पेनमधील सान सेबास्तियानचा, वरून करपवलेला बास्क चीजकेक अशा थराविनाच होतो. त्यामुळे भाजलेल्या चीजकेकला कस्टर्डच्या (अंड्यांमुळे उष्णतेने घट्ट होणाऱ्या पदार्थांच्या) वर्गात ठेवणे अधिक योग्य ठरते. अंड्यांचा पांढरा बलक फेसून घातलेला हलका जपानी प्रकार मात्र केकच्या बराच जवळ जातो.

न्यूयॉर्क पद्धतीत क्रीम चीज वापरतात. ते अमेरिकेत १८७० च्या दशकात प्रचारात आले. जर्मनीत चक्क्यासारखे क्वार्क, तर इटलीत रिकोटा हे मऊ, ताजे चीज वापरतात. न भाजता थंड करून घट्ट केलेला प्रकार ब्रिटनमध्ये रूढ आहे. ओडिशातील छेना पोडा हा छेना, साखर व रवा यांचा, साल वृक्षाच्या पानांत भाजलेला पदार्थ याच्याशी साधर्म्य दाखवतो.