नियतकालिक अहवाल (अमेरिकेतील घटकराज्ये)

अमेरिकेत कंपनीची नोंदणी केंद्र सरकारकडे होत नाही, ती एखाद्या घटकराज्याकडे होते. नोंदणीनंतर कॉर्पोरेशन, एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी), मर्यादित भागीदारी अशा संस्थांनी ठरावीक मुदतीने आपली चालू माहिती त्या राज्याला कळवायची असते. या नियतकालिक अहवालाला कोलोरॅडोत ‘पीरिऑडिक रिपोर्ट’ म्हणतात, फ्लोरिडा व न्यू जर्सीत ‘ॲन्युअल रिपोर्ट’, कॅलिफोर्नियात ‘स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन’, न्यूयॉर्कमध्ये ‘बायेनियल स्टेटमेंट’. बहुतेक राज्यांत तो सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्य अधिकाऱ्याच्या, कार्यालयात दाखल होतो. टेक्सासमध्ये मात्र ‘पब्लिक इन्फर्मेशन रिपोर्ट’ करखात्याकडे, म्हणजे कंट्रोलरकडे, १५ मेपर्यंत जातो.

भारतात एओसी-४ (आर्थिक पत्रके) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरण) हे कंपनीचे अर्ज भरण्याची सवय असलेल्यांना इथे ताळेबंद जोडावा लागेल असे वाटते. बहुतांश राज्यांत तसे काही मागितले जात नाही. संस्थेचे नाव व क्रमांक, मुख्य कार्यालयाचा पत्ता, रजिस्टर्ड एजंटचे (संस्थेच्या वतीने नोटिसा स्वीकारणाऱ्याचे) नाव व त्याचा राज्यातील पत्ता, संचालक, अधिकारी किंवा व्यवस्थापक सदस्यांची नावे आणि सही एवढ्यात काम होते. हा कर नाही आणि लेखापरीक्षणही नाही. संस्थेवर दावा लावायचा झाला तर नोटीस कोणाच्या हाती द्यायची, हे लोकांना कळावे यासाठी ही नोंद ठेवली जाते. म्हणून वर्षभर एक डॉलरचाही व्यवहार झाला नसला तरी अहवाल द्यावाच लागतो.

मुदती आणि शुल्क यांत राज्याराज्यांत मोठी तफावत आहे. फ्लोरिडात सर्वांसाठी एकच खिडकी आहे, १ जानेवारी ते १ मे. एलएलसीला १३८.७५ डॉलर आणि नफ्यासाठीच्या कॉर्पोरेशनला १५० डॉलर पडतात. १ मे उलटला की वर ४०० डॉलर दंड बसतो आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंतही भरले नाही तर चौथ्या शुक्रवारी संस्था विसर्जित होते. न्यू जर्सीत दरवर्षी नोंदणीचा महिना संपेपर्यंत ७५ डॉलर भरायचे असतात. कॅलिफोर्नियात पहिले निवेदन नोंदणीपासून ९० दिवसांत द्यावे लागते. पुढे एलएलसी दर दोन वर्षांनी २० डॉलर भरते, भागभांडवली कॉर्पोरेशन दरवर्षी २५ डॉलर, आणि चुकल्यास दंड २५० डॉलर असतो. न्यूयॉर्क दोन वर्षांतून एकदा अवघे ९ डॉलर घेते, तर मॅसॅच्युसेट्समध्ये एलएलसीला दरवर्षी ५०० डॉलर मोजावे लागतात. वायोमिंगमध्ये किमान रक्कम ६० डॉलर आहे. पेनसिल्व्हेनियात पूर्वी दहा वर्षांतून एकदाच नोंद द्यावी लागे. २०२५ पासून तिथे ७ डॉलरचा वार्षिक अहवाल लागू झाला असून कॉर्पोरेशनसाठी ३० जून आणि एलएलसीसाठी ३० सप्टेंबर ही मुदत आहे. ओहायो, ॲरिझोना, मिसुरी आणि न्यू मेक्सिको ही राज्ये साध्या एलएलसीकडून असा अहवाल मागत नाहीत. शुल्क कायदेमंडळ बदलते, त्यामुळे दरवर्षी भरण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर आकडा पाहून घेणे गरजेचे आहे.

सर्वाधिक गोंधळ डेलावेअरबाबत होतो. तिथे एलएलसीने अहवाल द्यायचाच नसतो, फक्त १ जूनपर्यंत ३०० डॉलर वार्षिक कर भरायचा असतो. कॉर्पोरेशनने मात्र १ मार्चपर्यंत ५० डॉलर शुल्कासह अहवाल ऑनलाइन दाखल करायचा आणि त्याच वेळी फ्रँचाइज कर (राज्यात नोंदलेली कंपनी असण्याबद्दलचा कर) भरायचा. या कराची रक्कम दोन पद्धतींनी काढता येते आणि राज्याची नोटीस नेहमी पहिल्या पद्धतीने येते. ती फक्त अधिकृत समभागांची (कंपनीला जास्तीत जास्त जितके काढण्याची मुभा आहे त्यांची) संख्या पाहते: ५,००० पर्यंत १७५ डॉलर, १०,००० पर्यंत २५० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक १०,००० समभागांना किंवा त्यांच्या भागाला ८५ डॉलर. नवउद्योग सहसा १ कोटी समभाग अधिकृत करून ठेवतात, त्यामुळे त्यांच्या नोटिशीवर ८५,१६५ डॉलर छापून येतात आणि संस्थापकांचे धाबे दणाणते.

दुसरी पद्धत गृहीत दर्शनी मूल्याची. एकूण मालमत्तेला प्रत्यक्ष वितरित समभागांनी भागायचे. मालमत्तेचा आकडा केंद्रीय आयकर विवरणपत्राच्या फॉर्म ११२० मधील शेड्यूल एलवरून घेतात. आलेल्या भागाकाराला अधिकृत समभागांनी गुणायचे, गुणाकार १० लाखांच्या पुढच्या पूर्ण पटीत वर न्यायचा आणि दर १० लाखांना ४०० डॉलर लावायचे. समजा मालमत्ता २० लाख डॉलर आहे, ८० लाख समभाग वितरित आहेत आणि १ कोटी अधिकृत आहेत. भागाकार ०.२५ येतो आणि गुणाकार २५ लाख. तो ३० लाख धरायचा, म्हणजे कर १,२०० डॉलर. मालमत्ता १ लाखच असेल तर किमान ४०० डॉलरवर भागते. (भागाकारापेक्षा समभागाचे मूळ दर्शनी मूल्य जास्त असेल तर हिशेब वेगळा होतो, नवउद्योगांचे दर्शनी मूल्य सेंटच्याही अंशात असल्याने त्यांना ही अडचण सहसा येत नाही.) ऑनलाइन अर्जात मालमत्ता आणि वितरित समभागांचे रकाने भरले की फेरगणना होते, ते रिकामे सोडून नोटिशीतली रक्कम भरू नये. उशीर झाल्यास २०० डॉलर दंड आणि दरमहा १.५ टक्के व्याज लागते.

भरण्याची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. राज्याच्या व्यवसाय-शोध पानावर नावाने किंवा क्रमांकाने आपली नोंद उघडायची. सध्याची स्थिती आणि अंतिम तारीख पाहायची, आधीचा अहवाल उतरवून घ्यायचा, पत्ता आणि माणसे यांत झालेले बदल करायचे, सही करून कार्डाने पैसे भरायचे. शेवटी शिक्का उमटलेली प्रत जपून ठेवायची; बँक खाते उघडताना किंवा परवान्याचे नूतनीकरण करताना ती मागतात. सहीला हलके घेऊ नये, कारण अनेक राज्यांत खोट्या माहितीला शपथेवरील असत्याचा गुन्हा लागू होतो. सगळेच बदल या अर्जातून होत नाहीत. फ्लोरिडात एजंट बदलता येतो, पण संस्थेचे नाव नाही. तिथे अहवाल एकदा दाखल झाला की तो दुरुस्तही करता येत नाही, नवे शुल्क भरून सुधारित अहवाल द्यावा लागतो. डेलावेअरमध्ये एजंट बदलण्यासाठी स्वतंत्र दस्त लागतो. घरचा पत्ता द्यायचा की नाही हे आधीच ठरवावे, कारण ही नोंद सार्वजनिक असते.

अहवाल बुडण्याचे नेहमीचे कारण पैशांची टंचाई नसते, जुना पत्ता असतो. कार्यालय हलते, एजंटचे वार्षिक शुल्क थकते, एजंट राजीनामा देतो किंवा नोंदवलेला ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो. स्मरणपत्र भलतीकडे जाते आणि ते मिळाले नाही ही सबब राज्य ऐकत नाही. अनेक राज्यांनी ज्यावर आपले कायदे बेतले त्या मॉडेल बिझनेस कॉर्पोरेशन ॲक्टनुसार मुदत उलटून ६० दिवस झाले की विसर्जनाची कारवाई सुरू करता येते, आणि नोटिशीनंतर आणखी ६० दिवसांत दोष दूर झाला नाही तर संस्था प्रशासकीय आदेशाने विसर्जित होते. त्याआधीच ‘गुड स्टँडिंग’, म्हणजे नोंद नियमित असल्याचा दर्जा, जाते. मग कर्ज, परवाने, मालमत्तेची विक्री आणि गुंतवणुकीचे करार अडकतात, आणि अनेक राज्यांत दावाही लावता येत नाही. त्याच जुन्या पत्त्यावर कोर्टाचे समन्स गेले तर एकतर्फी हुकूम होतो. याच्यापुढे दंडाची रक्कम काहीच नाही.

संस्था पुन्हा जिवंत करता येते. थकलेले सर्व अहवाल, शुल्क, दंड आणि पुनःस्थापनेचा अर्ज एकत्र दिला की बहुतेक राज्ये मधला काळही अखंड धरतात. काही राज्ये आधी करखात्याचा दाखला मागतात. मधल्या काळात नाव दुसऱ्या कोणी घेतले असेल तर मात्र नवे नाव घ्यावे लागते.

दुसऱ्या राज्यात धंदा चालत असेल तर तिथेही नोंदणी करावी लागते आणि तिथलाही अहवाल लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून, तिथेच काम करून केवळ नावाजलेली म्हणून डेलावेअरची एलएलसी काढणाऱ्या मराठी व्यावसायिकाला डेलावेअरचे ३०० आणि न्यू जर्सीचे ७५ डॉलर असे दोन्ही भरावे लागतात, शिवाय दोन्हीकडचे एजंट. लहान धंद्याला राहत्या राज्यातली संस्था बहुधा पुरते. पुण्यात किंवा मुंबईत बसून एकट्याच्या मालकीची अमेरिकी एलएलसी चालवणाऱ्याने केंद्रीय आयकर खात्याचा फॉर्म ५४७२ वेगळा लक्षात ठेवावा. तो चुकल्यास दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो आणि राज्याचा अहवाल भरल्याने तो टळत नाही.

नवी नोंदणी झाली की सरकारी वाटणारी पत्रेही येऊ लागतात. त्यांवर गरुडाचे चिन्ह, लाल अक्षरांतली तारीख आणि राज्याच्या शुल्काच्या दुप्पट-तिप्पट रक्कम असते. तळाशी बारीक अक्षरांत ‘ही शासकीय संस्था नाही’ असे लिहिलेले सापडते. पैसे भरण्याआधी संकेतस्थळाचा पत्ता राज्य सरकारचाच आहे ना, हे तपासावे.

धंदा बंद केला तरी नोंद आपोआप मिटत नाही. विसर्जनाचा दस्त आणि इतर राज्यांतील माघारीचे अर्ज दाखल होईपर्यंत शुल्क साचत राहते. कॅलिफोर्नियात तर किमान ८०० डॉलरचा वार्षिक फ्रँचाइज करही चालूच राहतो.