आठ किलोहर्ट्झचा सुळका

महागड्या इन-इअर मॉनिटरचा (कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनचा, थोडक्यात आयईएमचा) ग्राफ, म्हणजे कुठल्या वारंवारतेला तो किती मोठा वाजतो ती रेघ, पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा एकाच जागी अडखळतो. 8 किलोहर्ट्झच्या आसपास रेघ एकदम वर चढते आणि तितक्याच घाईने खाली येते. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत हा दोष कसा, असं त्याला वाटतं. खरं तर तो सुळका पुष्कळदा इअरफोनपेक्षा, तो ज्या कृत्रिम कानात घालून मोजतात, त्या नळीचाच जास्त असतो. इअरफोनचं तोंड आणि नळीचं बंद टोक यांच्यामध्ये जी हवा उरते, तिच्या लांबीमुळे होणारा तो अनुनाद. मोजणारे लोक तो मुद्दाम 8 किलोहर्ट्झवर आणून बसवतात, म्हणजे प्रत्येक इअरफोन सारख्याच खोलीवर बसलाय याची खूण पटते. ही नळी कुठून आली आणि मुळात कशासाठी बनली, हे कळलं की आयईएमच्या आवाजावरून आज चालणारी निम्मी भांडणं उलगडतात.

नळीचं मूळ श्रवणयंत्रांत आहे. संगीताशी तिचा सुरुवातीला काही संबंध नव्हता. 1940 च्या दशकात श्रवणयंत्रं तपासण्यासाठी 2 घनसेंटिमीटर पोकळीची धातूची डबी रूढ झाली. कानात साचा बसवल्यावर पडद्यापर्यंत जी जागा उरते, तिची ही ढोबळ नक्कल. ढोबळ अशासाठी, की खरी जागा याहून लहान असते आणि कानाचा पडदा धातूसारखा ताठ नसतो. खर्जातल्या आवाजांना तो दाद देतो, तीव्र आवाजांना जवळजवळ भिंतीसारखा उभा राहतो. म्हणजे एकच कान खालच्या वारंवारतेला मोठ्या डबीसारखा वागतो आणि वरच्या वारंवारतेला लहान डबीसारखा. कारखान्यातून निघालेली दोन यंत्रं एकसारखी आहेत का, एवढं ही डबी सांगू शके. माणसाला काय ऐकू येईल, हे सांगणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं.

ती उणीव भरून काढायला 1970 च्या सुमारास योझेफ झ्विस्लॉकी यांनी मुख्य पोकळीला बाजूच्या छोट्या पोकळ्या जोडलेला कृत्रिम कान तयार केला. बाजूच्या पोकळ्या खालच्या वारंवारतेला 'उघड्या' असतात, वर जाताना 'बंद' होतात. पडद्याची लवचीकता अशी धातूत उतरवली. 1972 मध्ये नोल्स कंपनीने केमार नावाचा पुतळा आणला. सरासरी प्रौढ माणसाचं डोकं, धड, कानाच्या पाळ्या आणि आत हा कृत्रिम कान. पुढे 1981 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने याच धर्तीच्या कानाला 711 क्रमांकाचं प्रमाण दिलं. आज त्याचा अधिकृत क्रमांक 60318-4 आहे, पण बोलताना सगळे अजून 'सातशे अकरा'च म्हणतात. सुरुवातीला सांगितलेली मोजणारी नळी ती हीच. हे उपकरण साधारण 10 किलोहर्ट्झपर्यंतच माणसाच्या कानासारखं वागतं. बोलणं समजायला तेवढं भरपूर आहे. झांजेची चमक, तारेवरचं बोट, गायकाच्या श्वासातला बारीक फुसकारा यांचा बराच भाग मात्र त्याच्या वर असतो, आणि महाग आयईएमची फुशारकी नेमकी तिथेच चालते.

यातली सर्वांत रंजक व्यक्ती म्हणजे मीड किलियन. नोल्समध्ये बरीच वर्षं काम केलेल्या या माणसाने 1979 च्या आपल्या प्रबंधात एक विचित्र वाटणारा प्रश्न घेतला: श्रवणयंत्र हाय-फाय असू शकतं का? श्रवणयंत्र म्हणजे पत्र्याचा डबा, अशी तेव्हाची समजूत. किलियन यांनी आपली प्रायोगिक यंत्रं नावाजलेल्या ध्वनिसंचांसमोर ठेवली आणि सामान्य माणसांपासून तरबेज श्रोत्यांपर्यंत सगळ्यांना गुण द्यायला लावले. यंत्रांचा निकाल चांगला लागला. कानात बसणाऱ्या वस्तूच्या आवाजाची अशी शिस्तशीर परीक्षा संगीताच्या बाजारात नव्हे तर बहिरेपणावरच्या संशोधनात आधी झाली, हे मला फार बोलकं वाटतं. आयईएमचा इतिहास सांगताना लोक रंगमंचापासून सुरुवात करतात. माझ्या मते तो तिथून सुरू होत नाही.

1983 मध्ये किलियन यांनी एटिमॉटिक रिसर्च ही कंपनी काढली आणि 1991 मध्ये ईआर-4 बाजारात आला. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. उघड्या कानाची नळी सुमारे 25 मिलिमीटर लांब, एका टोकाला बंद. अशी नळी 3 किलोहर्ट्झच्या आसपास आपसूक घुमते आणि तिथला आवाज 10 डेसिबलहून अधिक वाढवते. जन्मापासून आपण सगळं जग या वाढीसह ऐकतो, म्हणून ती वाढ आपल्याला जाणवतच नाही. कानात इअरफोनचं बूच बसलं की नळी बुजते आणि ती वाढ नाहीशी होते. इअरफोनने ती स्वतःहून परत घातली नाही, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. तेव्हा 'सपाट' इअरफोन म्हणजे ज्याची रेघ ग्राफवर सपाट दिसते तो नव्हे. पडद्याजवळ मोजल्यावर 3 किलोहर्ट्झपाशी टेकडी दिसली, तरच तो ऐकायला सपाट. ईआर-4 ने ही टेकडी बांधली, तीही प्रत्येक कानात एकाच इवल्या बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हरने (ड्रायव्हर म्हणजे इअरफोनमधला आवाज निर्माण करणारा भाग). श्रवणयंत्रातल्याच जातीचा ड्रायव्हर.

टेकडी हवी हे ठरलं, पण ती किती उंच आणि बाकीची जमीन कशी, यावर वाद सुरू झाला तो आजतागायत. समोरून एकाच दिशेने आवाज आला तर पडद्याशी एक आकृती मिळते, सगळ्या बाजूंनी सारखा आला तर दुसरी. दुसऱ्या आकृतीला डिफ्यूज फील्ड म्हणतात. जर्मनीतल्या गुंटर थाइले यांनी 1980 च्या दशकात स्टुडिओतल्या हेडफोनसाठी तिचाच आग्रह धरला आणि ईआर-4 ही त्याच वळणाचा होता. ज्यांना तो आवडला त्यांना तो फार आवडला. इतरांना त्यात बेस सापडेना.

रंगमंचाची वाट निराळी. कलाकाराच्या पायाशी ठेवलेले वेज स्पीकर एकमेकांवर ओरडत, माइक शिट्टी घालत, आणि गायक बिचारा आपलाच सूर शोधत राही. 1980 च्या दशकात काही अमेरिकी आणि ब्रिटिश तंत्रज्ञांनी आवाज थेट कानात पोहोचवायला सुरुवात केली. 1995 मध्ये व्हॅन हेलन या बँडचे मॉनिटर अभियंता जेरी हार्वी यांनी ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्यात दोन ड्रायव्हर बसवले, एक खालच्या स्वरांना, एक वरच्यांना, मध्ये आवाजाची ही वाटणी करणारा क्रॉसओव्हर. त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. साचे घेण्याची विद्या मात्र पुन्हा श्रवणयंत्रवाल्यांकडूनच आली. इथे परीक्षा सोपी होती: बाहेरचा गोंगाट किती अडतो, सूर धरता येतो का, घामाने बंद पडत नाही ना. पडद्याशी कुठली आकृती उमटते याची ड्रमरला फिकीर नव्हती. त्याला किक ड्रम ऐकू यायला हवा होता.

2001 नंतर खिशातले म्युझिक प्लेअर पसरले आणि रंगमंचावरची ही वस्तू श्रोत्यांच्या हाती पडली. मग सुरू झाली ड्रायव्हरांची मोजदाद. हार्वी यांच्या नव्या कंपनीच्या 2009 मधल्या जेएच13 मध्ये एका कानाला सहा ड्रायव्हर होते, 2013 च्या रोक्सॅनमध्ये बारा. 64 ऑडिओ या कंपनीने अठरापर्यंत मजल मारली. याला तांत्रिक कारण आहे, हे मान्य: बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर कार्यक्षम पण अरुंद पट्ट्याचा असतो, कामं वाटून दिली की आवाजाची विकृती (डिस्टॉर्शन) कमी होते. पण जितके ड्रायव्हर तितके जोड. एकाच वारंवारतेवर दोन ड्रायव्हर वाजताना एकमेकांना खोडू शकतात. शिवाय संपूर्ण आयईएमची इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, वारंवारतेनुसार झोके घेते, त्यामुळे ज्या अ‍ॅम्पची आउटपुट इम्पिडन्स जास्त, त्यावर तोच आयईएम वेगळाच वाजतो. दोन परीक्षकांनी एकाच मॉडेलबद्दल उलटसुलट लिहावं आणि दोघेही प्रामाणिक असावेत, असं यामुळे घडतं. इअरटिपचं, म्हणजे इअरफोनच्या तोंडावरच्या मऊ टोपीचं, तर विचारूच नका. एकदा एका मॉडेलचा बेस पातळ आहे म्हणून मी आठवडाभर कुरकुरत होतो. एक माप मोठी टिप चढवली आणि बेस जागेवर आला. फट राहिली की खर्ज गळतो, इतकं साधं प्रकरण.

परीक्षेची भाषाही उसनीच. 'साउंडस्टेज', 'हवा', 'काळोखी पार्श्वभूमी' असे शब्द खोलीतल्या स्पीकरांसाठी घडले. 1962 मध्ये जे. गॉर्डन होल्ट यांनी स्टिरिओफाइल हे ध्वनिसंचांवरचं नियतकालिक सुरू केलं तेव्हापासून या शब्दकळेला बहर आला. स्पीकरसमोर बसलं की खरोखर एक मंच उभा राहतो. डोकं वळवलं, भिंतीवरून आवाज परतला, की मेंदूला जागेची खूण मिळते. आयईएम यातलं काही देत नाही. तरी तिथे मंचाची रुंदी मोजली जाते. ऐकणाऱ्याला काही तरी जाणवतं यात शंका नाही, पण ते बऱ्याचदा 3 ते 10 किलोहर्ट्झमधल्या चढउतारांचं काम असतं, असं माझं मत आहे.

ऐकण्याच्या परीक्षेत आणखी एक जुनी अडचण आहे. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की आवाजाची पातळी बदलली की कानाचा खर्जाकडचा कलही बदलतो. म्हणून दोन आयईएमपैकी किंचित मोठा वाजणारा जास्त भरीव वाटतो. पातळी जुळवून ऐकावं तर एक काढून दुसरा कानात बसवेपर्यंत पहिल्याची बारीक आठवण पुसलेली असते. आणि डोळे बांधले तरी कानाला कळतं की आत काय घातलंय.

यावर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी एक तोड काढली. 2017 मध्ये त्यांनी 30 आयईएम मोजले आणि त्यांची आकृती एकाच चांगल्या इअरफोनवर इक्वलायझरने उभी केली. 71 श्रोत्यांनी तो एकच इअरफोन कानात ठेवून सगळ्यांना गुण दिले, कान नीट बंद आहे याची दरवेळी तपासणी करून. तरबेज आणि सामान्य, दोन्ही गटांनी हार्मनच्या नव्या लक्ष्यरेषेला, म्हणजे चांगल्या आयईएमची आकृती कशी असावी हे सांगणाऱ्या रेषेला, पसंती दिली. इतर मॉडेलं तिच्यापासून जितकी लांब, तितकी नावडती. त्याच वर्षी येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोन तपासून सांगितलं की वारंवारतेची आकृती आणि किंमत यांचा काही संबंध दिसत नाही. महाग आयईएमच्या चाहत्यांना दोन्ही निष्कर्ष झोंबले. त्यांचा एक आक्षेप रास्त आहे: नक्कल फक्त आकृतीची होती. विकृती, साच्याची पकड, बाहेरच्या गोंगाटाची अडवणूक यातलं काही त्या प्रयोगात नव्हतं. दुसरा आक्षेप, लक्ष्यरेषा 3 किलोहर्ट्झपाशी बोचते, हा ज्याच्या त्याच्या कानाचा.

पण ती लक्ष्यरेषाही सातशे अकरावर मोजलेली. नंतर ब्रुएल अँड केअर कंपनीचा 5128 हा पुतळा आला. त्याची कर्णनलिका खऱ्या माणसांच्या एमआरआय चित्रांवरून घडवलेली, वळणदार, आणि तो 20 किलोहर्ट्झपर्यंत माणसासारखा वागावा अशी रचना. त्याचा ध्वनिक भार जुन्या कानापेक्षा वेगळा असल्याने तोच आयईएम इथे बेसमध्येही वेगळी रेघ काढतो. त्यामुळे जुनी लक्ष्यरेषा उचलून नव्या यंत्राच्या ग्राफवर ठेवता येत नाही. सातशे अकराच्या स्वस्त नकला घरोघरी पोहोचल्या आहेत, नवा पुतळा मोजक्या प्रयोगशाळांना परवडतो. म्हणून सध्या एकाच आयईएमचे दोन ग्राफ शेजारी शेजारी फिरतात, आणि त्यातल्या जुन्यावर तो 8 किलोहर्ट्झचा सुळका अजून तसाच उभा असतो.