गॅसचा वास आणि डेकखालची स्कंक

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. नातीला बघायला पुण्याहून आमच्या न्यू जर्सीच्या घरी आलेली आई रात्री अडीच वाजता उठून स्वयंपाकघरात शेगडीची बटणं चाचपत होती. ‘‘गॅस सुटलाय रे कुठेतरी,’’ म्हणाली. मी धडपडत उठलो आणि आधी खिडक्या उघडल्या. वास कमी व्हायच्याऐवजी दुप्पट झाला! तो घरातला नव्हताच. मागच्या डेकच्या फळ्यांखालून येत होता आणि तिथे एका स्कंकने, म्हणजे मांजराएवढ्या काळ्या-पांढऱ्या जंगली प्राण्याने, आपला दुर्गंधी फवारा सोडला होता.

आईचं नाक चुकलं असं मी म्हणणार नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात थायॉल वर्गातलं एखादं रसायन चिमूटभर मिसळतात. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये असतं ते इथाइल मरकॅप्टन. कार्बनच्या साखळीला गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी लटकली की थायॉल तयार होतो, आणि स्कंकच्या फवाऱ्याचा जोरही थायॉलांतच आहे. हिंग आणि लसूण यांचा उग्रपणाही गंधकाच्याच संयुगांचा, म्हणजे हे सगळे दूरचे भाऊबंद. हवेच्या अब्ज रेणूंमागे थायॉलचे मोजके रेणू असले तरी माणसाचं नाक ते ओळखतं. म्हणून गॅस कंपन्यांनी आणि स्कंकने, एकमेकांना न विचारता, एकाच प्रकारचं रसायन निवडलं. (शंका असेल तेव्हा मात्र तो गॅसच समजावा, घराबाहेर पडावं आणि मग फोन करावा. स्कंक कुठे पळून जात नाही.)

ती खरंच पळून गेली नाही, हीच पुढची अडचण.

इथल्या घरांना मागच्या दाराशी जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर लाकडी ओटा असतो, तो डेक. उन्हाळ्यात त्यावर खुर्च्या, रोपं आणि बार्बेक्यूची शेगडी असते. खाली अंधार, कोरडी माती, डोक्यावर छप्पर आणि मोठा कुत्रा किंवा कायोट (लांडग्याचा इथला छोटा भाऊबंद) आत शिरू शकणार नाही इतकी कमी उंची. जंगलात अशी जागा मिळवायला उन्मळलेलं झाड किंवा खडकाची कपार शोधावी लागते. इथे ती दर घरामागे एक तयार मिळते.

जागेचा शोध बहुधा ग्राउंडहॉग लावतो. खारीच्याच कुळातला हा गुबगुबीत प्राणी बिळं खणण्यात पटाईत. पुढच्या दारासमोर ताज्या मातीचा ढीग, मागे गवतात लपलेलं चोरदार, आत झोपायची खोली आणि शौचाची खोली वेगळी, अशी त्याची वास्तू असते. थंडीत तो खरी शीतनिद्रा घेतो. शरीराचं तापमान 37 अंशांवरून पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं आणि हृदयाचे ठोके मिनिटाला पाच-दहावर येतात. 2 फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावी याच जातीच्या एका प्राण्याला वर उचलून थंडी किती उरली ते विचारतात. हवामानाचा अंदाज म्हणून त्याची किंमत शून्य आहे, पण सण म्हणून मजेदार आहे.

ग्राउंडहॉगने सोडलेली बिळं मग इतरांच्या वाट्याला येतात. कधी कोल्हा येतो, कधी ओपॉसम (पिशवीत पिल्लं वाढवणारा, मांजराएवढा प्राणी), आणि बरेचदा पट्टेरी स्कंक. तिला खणायचे कष्ट फारसे आवडत नाहीत. आमच्या डेकखालीही आधीच्या वर्षी ग्राउंडहॉग होता. आम्ही त्याला टोमॅटो खाण्यावरून शिव्या देण्यापलीकडे काही केलं नाही. त्याने खणलेलं भोक मोकळं राहिलं आणि स्कंकला आयतं बिऱ्हाड मिळालं.

तिला इथे खायला काय मिळतं, तर लॉन. गवताच्या मुळांशी भुंग्यांच्या पांढऱ्या अळ्या असतात. त्यांतली एक बदनाम जात जपानी भुंग्याची. हा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो 1916 साली, आमच्याच न्यू जर्सीत, रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत. सकाळी लॉनवर निमुळती, नरसाळ्यासारखी छोटी भोकं दिसली की समजावं, रात्री स्कंक अळ्या टिपून गेली. जमिनीतली गांधीलमाश्यांची पोळीही ती उकरून खाते. नुकसान किती आणि उपकार किती याचा हिशेब मांडला, तर माझ्या मते ती आपलं देणं लागत नाही, आपण तिचं लागतो. पण घरात तान्हं बाळ असताना आणि आई खिडकीशी नाकाला पदर लावून बसलेली असताना हा हिशेब कुणी ऐकत नाही.

पूर्वी स्कंकना बिज्जू, पाणमांजरं यांच्या कुळात धरत. 1997 साली डीएनएच्या आधारे त्यांचं कुळ वेगळं काढण्यात आलं. आशियात या कुळातले दोनच प्राणी आहेत, इंडोनेशिया-फिलिपिन्सकडचे दुर्गंधी बिज्जू. भारतात एकही नाही, त्यामुळे मराठीत यांना घरगुती नाव नाही.

फवारा म्हणजे मूत्र नव्हे. शेपटीखाली दोन ग्रंथी असतात आणि प्रत्येकीला पिचकारीच्या तोटीसारखं टोक. स्नायू आवळले की तेलकट पिवळसर द्रव तीन मीटरपर्यंत अचूक जातो, आणि हवी तशी सरळ धार किंवा धुक्यासारखा फवारा काढता येतो. पण साठा थोडा असतो आणि रिकामा झाला की भरायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून स्कंक उधळपट्टी करत नाही. आधी पुढचे पाय जमिनीवर आपटते, फुसकारते, शेपटी उभारते. त्यावरही समोरचा हलला नाही, तर अंग इंग्रजी यू अक्षरासारखं वळवून तोंड आणि पार्श्वभाग दोन्ही त्याच्याकडे करते. पाय आपटल्याचा आवाज आला की हळूच मागे सरकायचं, एवढं कळलं तरी निम्म्या दुर्घटना टळतात. माणसाला हे समजतं, कुत्र्याला समजत नाही. आणि फेब्रुवारी-मार्च हा त्यांचा मिलनकाळ. नकोशा नराला मादी फवाऱ्यानेच पिटाळते. आईची झोप मोडणारा प्रकार बहुधा हाच होता.

या द्रवाचं रसायनशास्त्र सरळ नाही. एकोणिसाव्या शतकापासून रसायनज्ञ त्यावर नाक मुरडत काम करत आले आहेत. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत लिहिलं जायचं की यात साधं ब्युटेनथायॉल असतं. ते त्यात नसतंच. कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट स्टेट विद्यापीठातले विल्यम वूड यांनी 1990 मध्ये हा द्रव नीट तपासला. मुख्य वास दोन थायॉलांचा निघाला, पण खरी गंमत त्यांच्या सोबत्यांत होती. ते सोबती म्हणजे थायोॲसिटेट. त्यांना स्वतःला फारसा वास नसतो, पण पाणी लागलं की ते हळूहळू फुटतात आणि त्यांतून पुन्हा थायॉल सुटतात. कुत्र्याला आंघोळ घालून, वास गेला म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, आणि पुढच्या पावसात तो भिजला की सगळं परत यावं, याचं कारण हे आहे. आमच्या डेकच्या फळ्यांनाही पाऊस पडला की दोन महिने आठवण होत होती.

टोमॅटोच्या रसाने वास जातो ही इथली जुनी समजूत. रस थायॉलला काहीही करत नाही. सतत एकच वास घेऊन नाक थकतं, आणि नव्याने येणारा टोमॅटोचा वास तेवढा जाणवतो. बाहेरून आलेला माणूस लगेच नाक दाबतो. उपाय सापडला तो 1993 मध्ये. इलिनॉयमधले रसायनज्ञ पॉल क्रेबॉम प्रयोगशाळेतला गंधकी वास मारायला अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत. एका सहकाऱ्याच्या मांजरावर स्कंकने फवारा मारला, तेव्हा त्यांनी त्याचीच सौम्य आवृत्ती सुचवली. साधारण एक लिटर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खायचा सोडा आणि एक-दोन चमचे भांड्यांचा पातळ साबण. साबण तेल सोडवतो, सोडा मिश्रण अल्कधर्मी करतो आणि पेरॉक्साइड गंधकाला ऑक्सिजन जोडत जातं. शेवटी उरतो तो बिनवासाचा, पाण्यात विरघळणारा सल्फोनेट क्षार. डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, पाच मिनिटांनी धुऊन टाकायचं, आणि उरलेलं मिश्रण बाटलीत भरून ठेवायचं नाही. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. बाटलीत टिकत नाही म्हणूनच ते दुकानात विकायला येऊ शकलं नाही.

वासाचं असं निभावलं. प्राण्याचं काय करायचं? पहिल्याच दिवशी तीन सल्ले मिळाले. पिंजरा लावून दूर जंगलात सोड, डांबराच्या गोळ्या टाक, भोक बुजवून टाक.

पहिला सल्ला दयाळू वाटतो आणि सगळ्यांत वाईट तोच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रेबीजचा इतिहासच त्याला उत्तर देतो. रकूनमधला (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला इथला जंगली प्राणी) रेबीज आधी फ्लॉरिडा आणि जॉर्जियाकडे होता. शिकारीसाठी काही लोकांनी तिकडचे रकून पकडून उत्तरेला नेऊन सोडले, आणि 1977 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात, मूळ टापूपासून शेकडो मैलांवर, तोच विषाणू दिसला. तिथून तो पसरत पूर्वेकडची सगळी राज्यं व्यापून गेला, न्यू जर्सीसुद्धा. इथल्या स्कंकना होतो तो रेबीजही बहुतेक वेळा याच रकूनवाल्या प्रकारचा असतो. म्हणून बऱ्याच राज्यांत परवान्याशिवाय वन्य प्राणी पकडून दुसरीकडे सोडणं बेकायदा आहे. शिवाय पिंजऱ्यात सापडलेली स्कंक गाडीच्या डिकीत ठेवून नेणार कोण, हाही प्रश्न आहेच. (दिवसा स्कंक दिसली म्हणजे ती पिसाळलेलीच, असं नसतं. पिल्लांची आई भुकेपोटी दिवसाही हिंडते. झोकांड्या देणारी, अंगावर येणारी दिसली तर लांब राहून प्राणी नियंत्रण खात्याला कळवावं. चावलीच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवावी आणि तडक लस घ्यावी.)

डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. त्याची वाफ बंद कपाटात कसर मारते. उघड्या डेकखाली ती वाऱ्यावर जाते, माती दूषित करते आणि फटींतून आपल्याच घरात येते.

तिसरा सल्ला निम्मा बरोबर आहे. भोक बुजवायलाच हवं, पण कधी, यावर सगळं अवलंबून. स्कंकची पिल्लं मे-जूनमध्ये जन्मतात, एका वेळी चार ते सात. डोळे उघडायला तीन आठवडे आणि दूध सुटायला आठ. जूनमध्ये आई बाहेर गेलेली बघून जाळी ठोकली, तर पिल्लं आत उपाशी मरतात आणि आई आत शिरण्यासाठी डेकची चाळण करते. आणि मेलेल्या पिल्लांच्या वासाला कुठल्याही पेरॉक्साइडचा उतारा नाही. कडाक्याच्या थंडीत वेगळाच घोटाळा. स्कंक ग्राउंडहॉगसारखी गाढ शीतनिद्रा घेत नाही, पण आठवडेच्या आठवडे बिळात पडून राहते, कधी कधी चार-पाच माद्या एकमेकींना चिकटून. बाहेर पाऊलखूण नाही म्हणून बीळ रिकामं समजावं, तर आत भरलेलं घर. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्यातल्या त्यात बिनधोक काळ.

आम्ही थांबलो. जुलै महिन्यात आईची परतीची वेळ झाली, तोवर तिची भीती गेली होती. एका संध्याकाळी शेपट्या उभारून एकामागून एक चाललेली पाच पिल्लं तिने पाहिली आणि त्यानंतर मोबाइलवर त्यांच्या चौकशा सुरू झाल्या. ऑगस्टच्या मध्याला पिल्लं आईबरोबर दूरवर हिंडू लागली, तेव्हा कामाला लागलो.

पहिलं काम भोकाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा सैलसर बोळा कोंबणं. आत कुणी असेल तर तो रात्रीत ढकलला जातो. आमचा बोळा पहिल्या रात्री बाहेर आला. मग भोकावर एकतर्फी झडप लावली. वरून टांगलेली, बाहेर ढकलली की उघडणारी, आतल्या दिशेने न उघडणारी. त्यासमोर थोडं पीठ भुरभुरलं. दोन दिवस बाहेर जाणारी पावलं उमटली, तिसऱ्या दिवशी पीठ कोरं होतं. पुन्हा बोळा ठेवला आणि तो तीन रात्री जागचा हलला नाही.

खरं अंगमेहनतीचं काम त्यानंतर. डेकच्या कडेला चहूबाजूंनी फूटभर खोल चर, त्यात अर्ध्या इंचाच्या चौकटींची जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी, वरची कड डेकच्या लाकडाला पक्की आणि खालची फूटभर बाहेरच्या बाजूला आडवी वळवून मातीत पुरलेली. ही आडवी पट्टीच महत्त्वाची. खणणारा प्राणी भिंतीशी येऊन तिथेच उकरतो आणि जाळी लागली की तिच्याखालून बोगदा काढायला बघतो. दोन पावलं मागे जाऊन खणावं, हे त्याला सुचत नाही. पातळ कोंबडीजाळी इथे टिकत नाही. ती ग्राउंडहॉग चावून तोडतो आणि ओल्या मातीत गंजते. दोन शनिवार-रविवार गेले, पाठ आठवडाभर धरली.

सप्टेंबर अखेरीला शेजारच्या काकांनी कुंपणावरून हाक मारली. त्यांच्या अवजारांच्या शेडखाली ताज्या मातीचा ढीग दिसत होता. ढिगाच्या आकारावरून ग्राउंडहॉग वाटला, स्कंक नव्हे, म्हणजे खरं तर गोष्ट पुन्हा पहिल्या पानावर आली होती. उरलेलं जाळीचं भेंडोळं गॅरेजमधून काढून मी त्यांना देऊन टाकलं.