पार्श्वभूमी : निधी वाटणारी परिषद खुनांचा हिशेब का मागते?

युनेस्कोत 'आयपीडीसी' या नावाने ओळखला जाणारा माध्यमविकासाचा एक कार्यक्रम आहे. ३९ देशांची आंतरसरकारी परिषद तो चालवते. पत्रकाराचा खून झाला की त्याच्या तपासाचं पुढे काय झालं, हे त्या त्या सरकारला विचारून दर दोन वर्षांनी या परिषदेपुढे अहवाल ठेवला जातो. परिषद बसवली तेव्हा असलं काही तिच्या वाट्याला येईल, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. नभोवाणी केंद्रं, वृत्तसंस्था, वार्ताहरांचं प्रशिक्षण यांसाठी गरीब देशांना पैसा मिळवून द्यायचा आणि वाटायचा, हे तिचं काम.

बड्या पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या मक्तेदारीवरून सत्तरच्या दशकात जे रण पेटलं, ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. आपल्याकडची एक बाजू मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. अलिप्त देशांच्या वृत्तसंस्थांच्या 'पूल'वर, म्हणजे बातम्यांच्या सामाईक देवाणघेवाणीवर, जुलै १९७६ मध्ये दिल्लीत शिक्कामोर्तब झालं, तेव्हा देशात आणीबाणी होती. चार वृत्तसंस्था एकत्र कोंबून 'समाचार' ही एकच संस्था करून झाली होती. जगाच्या बातम्यांत समतोल हवा म्हणणाऱ्या यजमानाच्या घरात मजकूर सेन्सॉरकडून पास होऊन छापला जात होता. पाश्चात्त्यांना या चळवळीचा संशय येई, त्यात त्यांचा स्वार्थ होताच. पण सगळाच स्वार्थ नव्हता.

१९८० मध्ये बेलग्रेडला युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेत, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेत, तोडगा म्हणून हा कार्यक्रम निघाला तो तत्त्वाचा वाद बाजूला ठेवून. पाश्चात्त्य मक्तेदारी मोडणाऱ्या माहितीच्या नव्या व्यवस्थेची भाषा नको, त्यापेक्षा तांत्रिक मदतीचं बोलू, असा अमेरिकेचा सूर होता. तिसऱ्या जगालाही यंत्रं हवीच होती. तेव्हा ३५ सदस्यांची असलेली परिषद १९८१ मध्ये कामाला लागली. पुढची रस्सीखेच तिजोरीच्या चावीवरून. सामाईक खात्यात पैसे टाका, वाटप परिषद करेल, असं विकसनशील देशांचं म्हणणं. आमचा पैसा कुठल्या प्रकल्पाला जातो ते आम्ही ठरवू, असं देणाऱ्यांचं. १९८४ अखेर अमेरिका आणि वर्षभराने ब्रिटन युनेस्कोतूनच बाहेर पडले. चार दशकांत या कार्यक्रमाने जमवलेली रक्कम आहे सुमारे १२ कोटी डॉलर, आणि ती विभागली गेली २,००० हून अधिक प्रकल्पांत. म्हणजे एका प्रकल्पाला सरासरी साठेक हजार डॉलर. त्यात एखादं सामुदायिक रेडिओ केंद्र उभं राहतं; जागतिक असमतोल हलत नाही.

१९९१ मध्ये आफ्रिकी पत्रकारांनी स्वतंत्र वृत्तपत्रांसाठी काढलेल्या विंडहोक जाहीरनाम्यानंतर सरकारी वृत्तसंस्थांचं कौतुक ओसरलं आणि स्वतंत्र माध्यमांची भाषा आली. २००३ मध्ये नियमावली बदलली. प्रकल्प मंजूर करायचं काम आठ सदस्यांच्या ब्युरोकडे गेलं, पूर्ण परिषद दोन वर्षांतून एकदा भरू लागली. वाटपाचं ओझं उतरल्यामुळेच परिषदेला धोरणाकडे बघायला सवड मिळाली, असं मला वाटतं.

मार्च २००८ च्या अधिवेशनात दोन गोष्टी झाल्या. एखाद्या देशातल्या माध्यमांची अवस्था तपासण्यासाठी निर्देशकांचा आराखडा मान्य झाला. भूतान आणि नेपाळ या शेजाऱ्यांनी पुढे तो वापरला. त्यावर फारसं भांडण झालं नाही. भांडणाचं मूळ दुसऱ्या निर्णयात होतं. युनेस्कोचे महासंचालक ज्या ज्या खुनाचा निषेध करतात, त्याच्या न्यायालयीन चौकशीचं काय झालं ते संबंधित सरकारने स्वेच्छेने कळवावं, आणि सगळ्याचा अहवाल परिषदेपुढे यावा, असं ठरलं. 'स्वेच्छेने' असल्यामुळेच तो निर्णय पार पडला. उत्तर दिलं नाही तर शिक्षा नाही, निधीही अडत नाही. होतं एवढंच, की अहवालाच्या तक्त्यात त्या पत्रकाराच्या नावापुढे 'माहिती मिळाली नाही' असं छापून येतं. सरकारांना झोंबतं ते हेच.

आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. गुन्ह्याचा तपास हा देशांतर्गत मामला; विकासनिधीच्या मंचावर त्याची हजेरी का घ्यावी? पण ज्या जिल्ह्यात बातमीदार दिवसाढवळ्या मारला जातो, तिथे वार्तालेखनाची शिबिरं भरवून कसला माध्यमविकास होणार? मार्च २०१२ मध्ये पत्रकारांच्या सुरक्षिततेचा संयुक्त राष्ट्रांचा कृती आराखडा परिषदेपुढे आला, तेव्हा पाकिस्तान आणि ब्राझीलबरोबर आक्षेप घेणाऱ्यांत भारतही होता. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या संस्थाप्रमुखांच्या मंडळाने तो आराखडा उचलून धरला आणि परिषदेतला विरोध निरर्थक ठरला.

त्या आक्षेपाच्या सुमारे नऊ महिने आधी, जून २०११ मध्ये, पवईत एका ज्येष्ठ गुन्हेवार्ताहरावर भरदुपारी गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. युनेस्कोने त्याचा निषेध केला होता. छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप झाली ती मे २०१८ मध्ये. निकाल लागेपर्यंत असं प्रकरण 'अनिर्णित' रकान्यातच राहतं, मग आरोपपत्र दाखल झालेलं असो वा नसो. सरकारांची तक्रार इथे रास्त म्हणावी लागेल. आपल्याकडच्या खटल्यांचा वेग बघता तो रकाना बराच काळ भरलेला राहणार.

तरी एकूण चित्र सरकारांची बाजू घेऊ देत नाही. २०२४ च्या अहवालात जगभरातल्या अशा खुनांपैकी ८५ टक्के प्रकरणं तडीस गेलेली नव्हती. २०१२ मध्ये हा आकडा ९५ टक्के होता. परिषदेच्या जागा सर्वसाधारण परिषदेतल्या निवडणुकीने भरतात, भौगोलिक समतोल आणि आळीपाळी बघून. महासंचालकांच्या पत्राला उत्तर दिलं की नाही, हे तिथे विचारलं जात नाही.